आमची वाटचाल : बडोद्यातून बाजार-संशोधन

बाजार-संशोधनात बडोद्याचे स्थान काय, हे बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. १९६० साली विक्रम साराभाई यांनी येथे ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही संस्था उभी केली आणि ओआरजी या नावाने ती देशभर ओळखली जाऊ लागली. औषधांच्या दुकानांतील विक्रीची नियमित मोजदाद करून कोणते औषध किती खपते याचे आकडे ती कंपन्यांना पुरवीत असे. कुटुंबनियोजनाविषयीची तिची अखिल भारतीय सर्वेक्षणेही याच शहरातून आखली गेली. त्यामुळे घरोघरी जाऊन पद्धतशीर प्रश्न विचारणे हा प्रतिष्ठेचा व्यवसाय असू शकतो, हे येथील मध्यमवर्गीय घरांना लवकर कळले. आमची लहानशी संस्था त्याच वातावरणात वाढलेल्यांनी काढलेली आहे.

सयाजीराव विद्यापीठातून संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर काही वर्षे मी दुसऱ्यांकडे सर्वेक्षणांवर पर्यवेक्षक म्हणून काम केले. १९९७ साली दांडिया बाजारातील आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत स्वतःचे काम सुरू केले, तेव्हा बरोबर एक ज्येष्ठ सहकारी होते, ज्यांचे सारे आयुष्य क्षेत्रकामात गेले होते. त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. आकडेमोड मी करावी आणि माणसे त्यांनी तयार करावीत, अशी आमची वाटणी होती. आज मागे पाहता संस्थेचे जे काही नाव झाले आहे, ते मुख्यतः त्यांच्या वाट्याच्या कामामुळे झाले, असे माझे प्रामाणिक मत आहे.

सुरुवातीला आम्ही संशोधन आखत नव्हतो. मुंबईच्या मोठ्या संस्थांकडून छापील प्रश्नावल्या आणि कोटा येई. अमुक वयाच्या, अमुक उत्पन्नगटातील इतक्या स्त्रिया, इतके पुरुष, आणि भरलेल्या दर फॉर्ममागे ठरावीक रक्कम. या पद्धतीत एक मूलभूत दोष आहे, तो काकांनी पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आणून दिला. फॉर्ममागे पैसे मिळणारा मुलाखतकार स्वाभाविकपणेच सोप्या दारांकडे वळतो. ओळखीची गल्ली, तळमजल्यावरची घरे, बोलक्या गृहिणी यांच्याकडून दिवसाचा कोटा दुपारपर्यंत पुरा होतो. चौथ्या मजल्यावरचे, कुलूप असलेले किंवा रात्रीच भेटणारे घर नमुन्यातून, म्हणजे विचारण्यासाठी निवडलेल्या घरांतून, आपोआप गळते. म्हणून आम्ही मुलाखतकारांना दिवसाचा पगार देऊ लागलो आणि बंद घराला आणखी दोन वेळा, त्यांतील एकदा तरी संध्याकाळी सातनंतर, भेट देण्याचा नियम केला. खर्च वाढला. काही कामे आमचा दर पाहून दुसरीकडे गेली, परंतु हा नियम आम्ही आजतागायत मोडलेला नाही.

घर कसे मोजायचे, यावर काका नव्या मुलामुलींचे दोन दोन दिवस घेत. वाडी किंवा बाबाजीपुरा या भागांतील जुन्या वाड्यात बाहेरून एकच दरवाजा दिसतो. आत गेल्यावर चौकाभोवती तीन बिऱ्हाडे असतात. जनगणनेत आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात कुटुंबाची कसोटी एका स्वयंपाकघरात एकत्र जेवणाऱ्यांची असते, आणि आम्हीही तीच पाळतो. मुलाखतकार चौकात उभा राहून ‘‘येथे किती चुली आहेत, आजी?’’ असे विचारतो. मोठा मुलगा वर राहतो पण जेवतो आईकडेच, तर ते एक कुटुंब. धाकट्याने गॅस वेगळा घेतला आहे, तर ती दोन. ही यादी, जिला आम्ही लिस्टिंग म्हणतो, प्रत्यक्ष मुलाखतींच्या आधी पुरी करावी लागते. ती चुकली तर पुढचे कितीही प्रगत गणित तिला दुरुस्त करू शकत नाही, कारण जे बिऱ्हाड यादीतच आले नाही, त्याला निवडले जाण्याची संधीच उरत नाही.

कुटुंब निवडल्यानंतर त्यातील व्यक्ती निवडण्याचा प्रश्न उरतो. दार उघडील त्याच्याशी बोलावे, हा मोह मोठा असतो. पण दुपारी दार उघडतात ते निवृत्त आजोबा, नाही तर घरी असलेल्या सूनबाई. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार, नोकरी करणाऱ्या स्त्रिया आणि महाविद्यालयातील मुले त्यातून सुटतात. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ साली यासाठी एक तक्ता सुचवला. घरातील पात्र माणसे ठरलेल्या क्रमाने लिहायची आणि त्या घराच्या क्रमांकानुसार तक्ता ज्याच्यावर बोट ठेवील, त्याच्याशीच बोलायचे. घाईच्या कामात आम्ही ज्याचा वाढदिवस सर्वांत जवळ आला आहे, त्याला विचारतो. दोन्हींमध्ये निवड मुलाखतकाराच्या मर्जीवर राहत नाही, आणि तेच महत्त्वाचे आहे.

गेल्या काही वर्षांत अडचणीचे स्वरूप बदलले आहे. जुन्या शहरात माणसे आजही ओट्यावर बसवून पाणी देतात. गोत्री, वासणा, अलकापुरी येथील फाटकबंद सोसायट्यांत मात्र पहारेकऱ्यापाशीच काम थांबते. परिणामी ज्यांची क्रयशक्ती सर्वांत अधिक, त्यांचीच मते सर्वांत कमी मिळतात. सोसायटीच्या अध्यक्षांना आधी पत्र देऊन, ओळखपत्रासह आणि सांगून ठरवलेल्या वेळी गेल्यास बरीच दारे उघडतात. तरीही नकार देणाऱ्यांचे प्रमाण आम्ही वस्तीनिहाय वेगळे नोंदवतो आणि अहवालात छापतो.

ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा नमुना किती मोठा हवा, हा असतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सोळा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरासाठी चारशेच्या आसपास लोकांना विचारून भागते, हे अनेकांना पटत नाही. परंतु साध्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारख्या, नमुन्यात ९५ टक्के विश्वासपातळीवर, म्हणजे शंभरांतील पंचाण्णव वेळा, पाच टक्क्यांच्या आतबाहेरची अचूकता मिळण्यास ३८५ मुलाखती पुरतात, आणि शहराची लोकसंख्या दुप्पट झाली तरी या आकड्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, ती पातेले केवढे आहे यावर अवलंबून नसते, फक्त भात सारखा शिजलेला हवा. शहर मात्र सारखे शिजलेले नसते. एकाच गल्लीतील दहा घरे पुष्कळदा एकमेकांसारखीच असतात, म्हणून गल्ल्यांच्या गटांनी नमुना घेतल्यास मुलाखती दीडपट ते दुपटीपर्यंत वाढवाव्या लागतात. अचूकता दुप्पट हवी असल्यास नमुना चौपट लागतो, हेही आम्ही आधीच सांगतो. त्यानंतर बहुतेक ग्राहक पैसे नमुना फुगवण्यावर न घालता मुलाखतींच्या दर्जावर घालण्यास राजी होतात.

स्वतः आखलेले पहिले मोठे काम आम्हाला एका फरसाण उत्पादकाकडून मिळाले. त्यांना चिवड्यातील तेल कमी करायचे होते, पण जुने गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती. हे काम मला विशेष प्रिय आहे, कारण त्यात पद्धतीचा प्रत्येक बारकावा निकालावर कसा परिणाम करतो, ते समोर दिसत होते. कारेलीबागेतील एका सभागृहात आम्ही लोकांना एकेक करून बसवले. दोन्ही चिवडे एकसारख्या पांढऱ्या वाट्यांत होते आणि वाट्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ न लिहिता तीन अंकी यादृच्छिक क्रमांक घातले होते, कारण ‘अ’ हे अक्षर पाहूनच पुष्कळांचे मन त्याला झुकते माप देते. आधी चाखलेल्या पदार्थालाही तसाच फायदा मिळतो. म्हणून निम्म्या लोकांना जुना चिवडा आधी दिला आणि निम्म्यांना नवा. मधल्या वेळी पाणी आणि बिनमिठाचा कुरमुरा दिला, कारण तिखटाची चव जिभेवर रेंगाळते. तेल कमी आहे, हे कोणालाही सांगितले नाही. सांगितले असते तर आरोग्याची काळजी म्हणून नवा चिवडा अनेकांनी तोंडदेखला पसंत केला असता. तीव्र मिरची आवडणाऱ्या वयस्क गिऱ्हाइकांना नवा चिवडा फिका वाटला, तर तरुणांना दोहोंतील फरकच जाणवला नाही. उत्पादकाने दोन्ही प्रकार ठेवण्याचा निर्णय घेतला.

त्यापाठोपाठ किमतीचा प्रश्न आला. ‘‘अमुक किमतीला तुम्ही हे विकत घ्याल का?’’ असे सरळ विचारले तर होकार फार मिळतात आणि दुकानात त्यांतील थोडेच प्रत्यक्षात उतरतात. डच अर्थतज्ज्ञ पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत चार प्रश्न असतात. कोणत्या किमतीला वस्तू इतकी स्वस्त वाटेल की तिच्या दर्जाविषयी शंका येईल, कोणती किंमत किफायतशीर वाटेल, कोणती महाग पण विचार करण्याजोगी वाटेल, आणि कोणत्या किमतीला ती घेणे शक्यच नाही. आलेखावर काढलेल्या उत्तरांच्या रेषा जेथे एकमेकींना छेदतात, त्यावरून स्वीकारार्ह किमतीचा पट्टा कळतो. लहान उद्योजकासाठी ही पद्धत मला अतिशय उपयुक्त वाटते, कारण तिच्यासाठी नमुना फार मोठा लागत नाही आणि निष्कर्ष कागदावर रेघा ओढून मालकाला समजावता येतो.

लोक काय म्हणतात आणि काय करतात, यातील अंतर ओळखण्यासाठी दुकानाची मोजदाद ही जुनी रीत आजही तितकीच कामाची आहे. महिन्याच्या आरंभीचा साठा घ्यावा, त्यात महिन्यातील खरेदी मिळवावी आणि अखेरचा साठा वजा करावा. उरते ती विक्री. खंडेराव मार्केटच्या आसपासच्या दुकानांत हे काम करताना आमच्या पथकातील मुली फळीवरची पाकिटे मोजून झाल्यावर माळ्यावरची बंद खोकीही उतरवून पाहतात आणि बिलांच्या फायलीतून खरेदी लिहून घेतात. दुकानदाराची परवानगी मिळवणे हे यातील सर्वांत अवघड काम असते, आणि ते ओळखीवर नव्हे, तर त्याचा आकडा शेजारच्या दुकानाला कळणार नाही या विश्वासावर टिकते. नवरात्र आणि दिवाळीच्या आठवड्यांतील विक्री आम्ही वेगळी धरतो, कारण त्या काळातील खरेदीवरून वर्षाचा अंदाज बांधता येत नाही.

कुटुंबांचे आर्थिक वर्गीकरणही या काळात बदलले. पूर्वी शहरी घराचा वर्ग प्रमुख कमावत्याचे शिक्षण आणि व्यवसाय यांवरून ठरे. २०११ पासून व्यवसायाच्या जागी घरातील वस्तूंची संख्या आली. अकरा गोष्टींच्या यादीत पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, मोटार अशांबरोबर शेतजमीनही आहे. बडोद्यात ती विशेष अर्थपूर्ण ठरते, कारण शहरात राहणाऱ्या कित्येक घरांची पादरा, करजण किंवा डभोई भागात जमीन असते. उत्पन्न किती, या प्रश्नाला खरे उत्तर क्वचित मिळते; घरात काय आहे, ते मात्र माणसे मोकळेपणाने सांगतात.

कागदाऐवजी टॅबलेट आल्यावर तपासणी सोपी झाली. मुलाखत कोठे आणि किती वेळ चालली याची नोंद आपोआप होते आणि पंचवीस मिनिटांची प्रश्नावली सहा मिनिटांत संपलेली असेल तर ती लगेच नजरेस येते. तरीही दर चार मुलाखतींतील एकीची फेरतपासणी दुसऱ्या माणसाने करावी, हा काकांचा नियम आम्ही ठेवला आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी एकाच क्षेत्राचे दोन स्वतंत्र उपनमुने दोन वेगळ्या पथकांकडून करून घेण्याची रीत रूढ केली होती, आणि मोठ्या कामांत आम्ही तीच वापरतो. दोन पथकांच्या निकालांत नमुन्यामुळे योगायोगाने पडू शकेल त्याहून अधिक फरक दिसला, तर दोष लोकांच्या मतांत नसून आमच्या कामात आहे हे कळते आणि कोणत्या वस्तीत पुन्हा जायचे तेही समजते.

महामारीच्या काळात दारोदार जाणे बंद झाले, तेव्हा आम्ही दूरध्वनीवर वळलो आणि त्यानंतर इंटरनेटवरील ठरावीक सदस्यांच्या गटांचीही कामे केली. ती वेगाने आणि स्वस्तात होतात, शिवाय नाजूक विषयावर माणूस पडद्यापुढे अधिक मोकळा होतो. पण बक्षिसाच्या आशेने दिवसाला अनेक प्रश्नावल्या भरणारे सदस्य त्यात असतात आणि वयस्क गृहिणी जवळजवळ नसतात. म्हणून घरगुती वापराच्या वस्तूंसाठी आम्ही अजूनही दारावरच जातो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यानंतर संमतीचा मजकूर आम्ही गुजराती, मराठी आणि हिंदीत नव्याने लिहिला. फेरतपासणी संपताच नाव आणि दूरध्वनी क्रमांक उत्तरांपासून वेगळे केले जातात, आणि ग्राहकाने कितीही आग्रह धरला तरी ती यादी त्याला दिली जात नाही.

काका आता थकले आहेत, पण नव्या तुकडीच्या प्रशिक्षणाला येतात. सध्या मकरपुऱ्यातील लहान पंप उत्पादकांसाठी पादरा आणि सावली तालुक्यांतील शेतकऱ्यांचे एक सर्वेक्षण चालू आहे. दुरुस्तीचा खर्च कोण किती करतो, हे आठवणीवर विचारल्यास आकडे विश्वासार्ह येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक शेतकऱ्याकडे एक वही ठेवली असून दर पंधरवड्याला आमच्या पथकातील मुलगा तिच्यातील नोंदी आणि दुकानाच्या पावत्या ताडून पाहतो. हे काम खरीप आणि रब्बी या दोन्ही हंगामांत चालेल, आणि पहिला अहवाल खरीप संपल्यावर उत्पादकांच्या हाती जाईल.