धुक्यातला दुसरा खेळ

ड्राइव्ह-इन थिएटर, म्हणजे उघड्या मैदानावर आपापल्या गाडीत बसून सिनेमा बघायची जागा. ते चालवायचं म्हणजे सिनेमा दाखवायचा, असं आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना वाटतं. खरं काम असतं मैदान सांभाळायचं. सप्टेंबरअखेरच्या एका शनिवारी मी पडदा सोडून मैदानाकडे बघून निर्णय घेतला आणि त्यावरून अजून बोलणी खातेय.

आमचं थिएटर अमेरिकेत, पूर्व पेनसिल्व्हेनियात, लीहाय नदीच्या खोऱ्यात. याच भागात ऑरफील्डला 1934 पासूनचं शँकविलर्स आहे, देशातलं सर्वांत जुनं चालू ड्राइव्ह-इन. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी 4000 च्या आसपास थिएटरं होती, आता 300 च्या घरात उरलीत. जमिनीचे भाव चढले, शिवाय 1967 पासून जवळजवळ सगळीकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे जायला लागलं, त्यामुळे अंधारही तासभर उशिरा पडायला लागला. नव्या सिनेमाच्या तिकिटातला निम्म्याहून जास्त पैसा स्टुडिओ नेतो. आम्ही जगतो ते पॉपकॉर्न आणि बर्गरवर.

मैदान सपाट नसतं, हे पाहिल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. पडद्यासमोर कमानीसारखे वळलेले मातीचे लांबलचक उंचवटे असतात. पुढची चाकं चढावर घेतली की गाडीचं नाक वर होतं आणि पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसतो. रिचर्ड हॉलिंग्सहेडने 1933 मध्ये न्यू जर्सीतल्या कॅमडनला पहिलं ड्राइव्ह-इन काढलं, तेव्हा त्याचं पेटंट मुख्यतः या चढांच्या मांडणीचंच होतं. आमचे चढ दर वसंतात मी स्वतः उभी राहून नीट करून घेते. हिवाळ्यातल्या बर्फाने माती बसते, आणि एक चढ वीतभर जरी खचला तरी मागच्या अख्ख्या रांगेला समोरचे टप बघत बसावं लागतं. उंच गाड्या मागच्या रांगांत. एसयूव्हीचं मागचं दार टपाच्या वर जाऊ नये म्हणून दोरीने बांधायचं. नव्या गाड्यांचे पुढचे दिवे इंजिन चालू केलं की आपोआप लागतात. कित्येक गाड्यांत आधी हँडब्रेक ओढला तर ते लागत नाहीत, पण हे खुद्द मालकांनाच ठाऊक नसतं. आमची पोरं दर शनिवारी गाडीगाडीपाशी जाऊन सांगतात.

त्या रात्री दोनशेच्या आसपास गाड्या होत्या. आकाश निरभ्र, वारा अजिबात नाही. अशाच रात्री जमीन झपाट्याने निवते आणि नदीकडून धुकं सरकतं. पहिला सिनेमा सुरळीत झाला. दुसरा सुरू झाल्यावर अर्ध्या तासात रांगांमधल्या खोलगट भागात पांढरं साचायला लागलं, आणि बघता बघता प्रोजेक्टरच्या खिडकीपासून पडद्यापर्यंतचा झोत घट्ट दिसायला लागला. पोरांपैकी एक म्हणाला, दिवा वाढवा. त्याने उलट बिघडतं: उजेड धुक्यातच अडतो आणि पडदा आणखी फिका होतो. पाच मिनिटांत चित्र गेलं. आवाज मात्र स्वच्छ होता, कारण तो एफएमवरून थेट गाडीच्या रेडिओत जातो. त्याला धुकं आडवं येत नाही.

आमचा ऑपरेटर पोरवयापासून याच थिएटरात आहे. तो म्हणाला, खेळ थांबव, पैसे परत देतो म्हणून सांग. मी बाहेर गेले. चौथ्या रांगेत दोन गाड्यांच्या मधे गवतावर चादर पसरून तीन मुलं झोपली होती. पाय लागेपर्यंत मला ती दिसली नाहीत.

पुसेगावच्या जत्रेत तंबूतला खेळ बंद पडला की लोक शिव्या घालत पायी घरी जायचे, असं आई सांगते. इथे प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात स्टिअरिंग असतं. थांबलो म्हटलं की दोनशे इंजिनं एकदम चालू होणार, आणि पैसे परत म्हटलं की शंभरजण गाड्यांच्या मधून काउंटरकडे चालत येणार. मी खेळ चालू ठेवला. माइक घेऊन रेडिओवर सांगितलं की चित्र दिसत नाहीये, मुलांना गाडीत घ्या, कुणीही गाडी हलवू नका, आम्ही एकेक रांग सोडतो. पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग पोरांना नारिंगी बॅटऱ्या देऊन रांगांच्या टोकांना उभं केलं आणि मागून एकेक रांग सोडली. फाटकावर नवऱ्याने प्रत्येक गाडीला पुढच्या खेळाचा पास दिला. शेवटची रांग बाहेर पडली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. कुणाला ओरखडाही आला नाही.

पास छापायला वेळ लागला. त्याआधीच एक गृहस्थ काउंटरवर येऊन पैसे मागून गेले. गाडीत बसा, असं माझ्याच सांगण्यावरून त्यांना सांगितलं गेलं. ते रांग न पाळता निघून गेले, पास न घेता. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंटरनेटवर लिहिलं की पैसे द्यावे लागू नयेत म्हणून या लोकांनी कोरा पडदा चालू ठेवला. खाली इतरांनी होकार भरलाय.

त्यांना पैसे पाठवले. लिहिलेलं त्यांनी काढलं नाही. ऑपरेटर म्हणतो, लोकांना पैशांचं खरं सांगितलं असतं तर लोक थांबले असते, तुझा लोकांवर विश्वास नाही. असेलही. पण दिवे लावू नका ही एवढीशी विनंती दर शनिवारी मोडली जाताना मी पाहते, आणि गाडीची दारं लावून घेतली की चांगला समजूतदार माणूससुद्धा बाहेरच्यांना विसरतो, हे माझं मत त्या रात्रीने बदललं नाही. पैसे नक्की मिळतील, फक्त फाटकावर मिळतील, हे वाक्य मी बोलायला हवं होतं का, यावर आमचं एकमत होत नाही. ते ऐकून लोक निवांत बसले असते, की फाटकाकडे धावले असते?

नव्या हंगामाच्या तिकिटांवर मागे छापून घेतलंय: धुकं आल्यास गाडी हलवू नये, पास फाटकावर मिळेल. ऑपरेटरने तिकीट उलटून वाचलं आणि म्हणाला, हे पुढच्या बाजूला हवं. पुढच्या वेळी तो म्हणतो तसंच छापून घेईन.