चिपमध्ये पेशी फोडताना

बारीक चॅनेलमधून द्रव वाहणाऱ्या चिपमध्ये पेशी फुटत नाही, ही तक्रार तशी कमीच. खरा ताप फुटल्यावर: पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया) चालत नाही, चॅनेल तुंबतं, बुडबुडे येतात. म्हणून पुढे काय मोजायचंय ते आधी ठरवा, मग फोडायची पद्धत.

सस्तन प्राण्यांच्या पेशींना ०.१ ते १ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे सौम्य डिटर्जंट पुरतं. ०.१ टक्क्याला बाहेरचा पडदा जातो, पण केंद्रक बरेचदा शाबूत राहतं. डीएनए हवा असेल तर इथेच फसगत होते. एसडीएस हे जहाल डिटर्जंट काहीच शिल्लक ठेवत नाही, पण ते ०.०१ टक्का जरी मागे राहिलं तरी पीसीआरचं एन्झाइम गारद. शिवाय पीबीएसमधल्या (पेशी ठेवायच्या नेहमीच्या खारट फॉस्फेट द्रावणातल्या) पोटॅशियमशी त्याचं जमत नाही, पांढरे स्फटिक पडतात. खोलीचा एसी १८ अंशांवर असेल तर अधिकच. बाटलीत नुसती धुरकट छटा दिसते. ५० मायक्रोमीटरचं चॅनेल तुंबायला तेवढी पुरते. पेशी ट्रिस आणि मीठ असलेल्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घ्या.

आता मिसळण्याचं. चॅनेलमध्ये दोन द्रव शेजारी-शेजारी वाहतात, ढवळले जात नाहीत. मधून पेशी, दोन्ही बाजूंनी डिटर्जंट, रुंदी १०० मायक्रोमीटर: डिटर्जंटचा सुटा रेणू मध्यापर्यंत पोचायला अडीचेक सेकंद लागतात, मिसेल, म्हणजे अशा रेणूंचा पुंजका, त्याहून मंद. खोली ५० मायक्रोमीटर आणि एकूण प्रवाह मिनिटाला १ मायक्रोलिटर असेल, तर तेवढ्यात पेशी ८ मिलिमीटर पुढे गेलेली असते. प्रवाह ५ केला तर ४ सेंटिमीटर. नागमोडी चॅनेल काढतात ते यासाठी, शोभेसाठी नाही.

डिटर्जंट अजिबात नको असेल तर वीज. १० मायक्रोमीटरच्या पेशीला सेंटिमीटरला साधारण १ किलोव्होल्ट लागतो. आकडा भीतीदायक वाटतो, पण इलेक्ट्रोडमधलं अंतर १०० मायक्रोमीटर असेल तर १० व्होल्टच झाले! मात्र डीसी (एकाच दिशेची वीज) दिलात तर पाण्याचं विघटन होऊन बुडबुडे येतात, म्हणून एसी (दिशा बदलती वीज) किंवा छोटे पल्स द्या. पीबीएस इथेही नको, तापतं. २५० मिलिमोलर सुक्रोज चांगलं. जिवाणू एवढ्यावर फुटत नाहीत, आणि स्टॅफिलोकोकस या जिवाणूला तर भित्तिका तोडणारं लायसोझाइम हे एन्झाइमही पुरत नाही, लायसोस्टॅफिन हे दुसरं एन्झाइम घालावं लागतं.

फुटलेल्या पेशीतला डीएनए म्हणजे चिकट दोरा. एक धागा कोपऱ्याला अडकला की मागून येणाऱ्या पेशी त्यावर जाळ्यातल्या माश्यांसारख्या लटकतात. वळणं गोल ठेवा, पेशी विरळ करा. फक्त प्रथिनं मोजायची असतील तर डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घाला, पण ट्रायटनसोबतच आणि मॅग्नेशियम देऊन. एसडीएसमध्ये ते टिकत नाही, आणि बफरमध्ये मॅग्नेशियम पकडून ठेवणारं ईडीटीए असेल तर घालून उपयोग नाही.