सलीम अलींच्या अठरा पानांसाठी गेलेला मे महिना

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं वेड असेल तर आत्मचरित्र वाचून थांबू नका, सुगरण पक्ष्यावरचा त्यांचा मूळ लेख मिळवा. 1930 साली बर्लिनहून परतल्यावर नोकरी नव्हती, तेव्हा अलिबागजवळच्या किहीमला पावसाळ्यात त्यांनी सुगरणींची एक वसाहत न्याहाळली. त्यावरचा लेख 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. खंड 34, पान 947 ते 964. या अठरा पानांनी माझा अख्खा मे खाल्ला.

बेळगावातल्या एका ग्रंथालयात जर्नलचे जुने खंड बांधून ठेवलेत. पुस्तक मागायचा अर्ज फक्त कन्नडमध्ये. आपल्याकडे हे नवीन नाही; अक्षरं लागतात, पण रकान्यांची नावं दगा देतात. 'संपुट' म्हणजे खंड आणि 'संचिके' म्हणजे अंक. मराठी डोक्याला संपुट म्हटलं की देवाची डबी आठवते! मी संपुटात 1931 लिहिलं, संचिकेत 34. तीन दिवसांनी अर्ज परत, 'असा खंड नाही' एवढाच शेरा.

दुसरा अर्ज नीट भरला, पण उत्साहाच्या भरात वर्षही घातलं. तिथेच घोडं अडलं. खंड 34 दोन वर्षांत पसरलाय आणि बांधणीच्या पाठीवर फक्त 1930 छापलंय. खिडकीवरच्या माणसाने पाठ वाचली, अर्ज वाचला, '1931 इल्ला' (नाही) म्हणून मोकळा. पाठीवरचा 34 दाखवायला मला आत सोडेना. मग म्हणे कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र आणा. ते आणलं तर झेरॉक्स बंद, कारण जुनी बांधणी उकलते. (हे मात्र खरं आहे. असा खंड सपाट दाबला की शिवण तुटते.) 'मुंदिन वार बर्री', म्हणजे पुढच्या आठवड्यात या. दोनदा गेलो, दोनदा तेच.

म्हणून सांगतो, अर्जात वर्ष लिहूच नका. खंड, पान, बस्स.

आणि कपाळावर हात मारायची गोष्ट म्हणजे तोच खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. लेखकाच्या नावाने शोधत बसू नका. जर्नलचं पान उघडा, खंडांच्या यादीतून 34 घ्या आणि छापील पान 947 काढा. फाइलचा पानक्रमांक आणि छापील पानक्रमांक जुळत नाहीत, फसू नका. पूर्ण खंड उतरवायची गरज नाही, हवी तेवढीच पानं निवडता येतात. घरी बसून दहा मिनिटांचं काम!

लेख हाताशी असला की शिवारातल्या विहिरीवरचं खोप्यांचं झाड वेगळं दिसतं. नाव सुगरणीचं, पण विणतो नर. भाताच्या किंवा उंच गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडून लांब पट्टी ओढून काढतो. आधी कडं, मग शिरस्त्राणासारखी टोपी. टोपीपर्यंत आला की थांबतो, मादी येऊन आत बसून बघते. पसंत पडलं तर अंड्यांची खोली आणि लांब नळी पुरी होते, आणि नर लगेच दुसऱ्या खोप्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. सलीम अलींनी पकडलेली मेख हीच. झाडावर लोंबणारे अर्धवट खोपे आळशी नराचे नसतात, बऱ्याचदा नापसंत झालेले असतात.

नोंद करताना खोप्यांची नुसती बेरीज करू नका, माझा पहिला आठवडा त्यात वाया गेला. झाडाचं चित्र काढा, प्रत्येक खोप्याला क्रमांक द्या. रकाने चार: तारीख, अवस्था, मादी आत गेली का, नळी सुरू झाली का. सकाळी सात ते नऊ, आठवड्यातून दोनदा, दर वेळी त्याच दगडावर बसून. जागा बदलली की सातवा खोपा आठवा होतो. टोपीच्या आत ओल्या मातीचे ठिपके दिसतात, तेही लिहा. वाऱ्याने झावळीच पडली तर ते खोपे 'नापसंत'मध्ये धरू नका. फांदी ओढून आत डोकावू नका. 8×40 ची दुर्बीण पुरते.

जूनपासून सुरुवात करा. नराचं डोकं पिवळं झालेलं असतं तोवरच नर-मादी ओळखता येतात, एरवी दोघंही चिमणीच्या मादीसारखे दिसतात. बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगडच्या अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी लागते; विहिरीवरच्या झाडाला शेतमालकाला विचारलं की झालं. फक्त भाताला ओंबी धरायच्या आधी विचारा. नंतर तो गोफण घेऊनच उभा असतो, आणि सुगरणीच्या बाजूने बोलणाऱ्याचं त्याला काही कौतुक नसतं.

आणि हो, अर्जात लेखकाचं नाव इंग्रजीत लिहायचं असेल तर आडनाव आधी. अली, मग सलीम. सूचीत ते 'ए'खाली सापडतात, 'एस'खाली नाही.