जुन्या पिकअपचं डावं चाक: खेळ बेअरिंगचा की किंगपिनचा?

गाडी सरळ आय-बीम अॅक्सलची, पुढे लीफ स्प्रिंग आणि किंगपिन (ज्या उभ्या पिनभोवती पुढचं चाक वळतं ती). बॉल जॉइंटवाल्या नव्या गाड्यांना यातलं थोडंच लागू पडेल. धुळ्याच्या बाजूला महामार्गावर साठच्या पुढे गेलं की स्टीअरिंग थरथरायचं, आणि पारोळ्याकडच्या शेतरस्त्यावर चाक खड्ड्यात गेलं की डावीकडून 'खट्' यायचा. डाव्या टायरवर हात फिरवला तर रबर उंचसखल लागत होतं.

असं काही सांगितलं की आपल्याकडे पहिलं उत्तर ठरलेलं, 'बेअरिंग टाकून दे'. पण हलणारं चाक किती ठिकाणी ढिलं असू शकतं बघा. व्हील नट, बेअरिंग, किंगपिनचे बुश (पिनभोवतीच्या नळ्या), टायरॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याचा सांधा), शिवाय स्प्रिंगचे यू-बोल्ट. त्यामुळे दोष हाताला लागेपर्यंत एकही पार्ट घ्यायचा नाही असं ठरवलं.

नट आणि यू-बोल्ट पान्ह्याने तपासले, घट्ट होते. मागच्या चाकांना ठोकळे लावले, अॅक्सलखाली जॅक देऊन गाडी घोडीवर (स्टँडवर) घेतली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका, गाडी रिकामी असली तरी. चाक वर-खाली धरून हलवलं तर चांगलाच खेळ. डावी-उजवीकडे धरून हलवलं तर कमी, पण होता. टायरॉडचा खेळ फक्त आडव्या हलवण्यात दिसतो, किंगपिनचा मुख्यतः उभ्या, आणि बेअरिंगचा दोन्हीकडे. म्हणजे बेअरिंगवर संशय पक्का, पण किंगपिन सुटलेला नव्हता.

आता खरी परीक्षा. मामेभावाला केबिनमध्ये बसवलं आणि ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक लागला की शू ड्रमला पकडतात. शू बसलेले असतात बॅकप्लेटवर, आणि बॅकप्लेट स्टब अॅक्सलवर (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा). म्हणजे हब (चाकाचा मधला भाग, ड्रम त्यालाच असतो) आणि स्टब अॅक्सल एकत्र बांधले जातात आणि बेअरिंगचा खेळ तेवढ्यापुरता गायब होतो. तरीही चाक हललं, तर ढिलाई त्याच्या मागे, म्हणजे किंगपिनमध्ये. आतून आवाज आला, "आते हालस का?" हलत होतं. आधीपेक्षा निम्मं, पण हलत होतं. दोष दोन होते. नुसतं बेअरिंग बदलून गाडी खाली उतरवली असती तर 'खट्' तसाच राहिला असता. या एका तपासणीला पैसे लागत नाहीत, फक्त पेडलवर एक माणूस लागतो. गॅरेजमध्ये ती क्वचितच होताना पाहिली आहे, याचं वाईट वाटतं.

हब उघडला. ग्रीस दुधाळ झालेलं, म्हणजे आत पाणी गेलेलं. मागच्या ऑइल सीलची कड कडक होऊन तडकली होती. पावसाळ्यात नाले ओलांडणं, त्यात पंपाच्या जोरदार पाण्याने धुणं, सील किती तग धरणार? आतल्या बेअरिंगच्या रोलरवर गंजाच्या आडव्या रेषा, आणि कपवर (रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कड्यावर) बरोबर तेवढ्याच अंतरावर डाग. बाहेरचं बेअरिंग दिसायला ठीक होतं, तरी दोन्ही बदलली, कपसकट. जुन्या कपवर नवा कोन (रोलरसकट आतलं कडं) बसवणं ही बचत नाही. नव्या रोलरला जुन्या कपवरचे खड्डे खातात.

बसवताना घाई करू नये असा टप्पा एकच, नट आवळणं. चाक फिरवत फिरवत आवळत जायचं, म्हणजे रोलर जागेवर बसतात. चाक जड वाटलं की नट सैल करून हाताने टेकवायचा, आणि स्प्लिट पिनचं भोक जुळेल तेवढा मागे. टेपर रोलरला किंचित मोकळीक हवीच. डायल गेज असेल तर साधारण 0.03 ते 0.13 मि.मी., पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडा खरा. 'चाक हलायलाच नको' म्हणून कचकचून आवळलेलं बेअरिंग तापतं, आणि मे महिन्यात भुसावळकडे पारा 45च्या आसपास असतो तेव्हा त्याला थंड व्हायला वाव नसतो. स्प्लिट पिन दरवेळी नवी.

पुन्हा हलवलं. ब्रेक सोडून आणि दाबून आता सारखाच खेळ, म्हणजे उरलेला सगळा किंगपिनचा. स्टब अॅक्सल जिथे बीमला मिळतो तिथे बोट ठेवून चाक हलवायला लावलं. वरच्या बाजूला बोटाला काही जाणवलं नाही, खालच्या बुशला स्पष्ट सरक जाणवली. खालच्या निपलमध्ये ग्रीस गन लावली तर ग्रीस जाईना, बाहेरूनच फुटे. निपल काढला तर आत काळ्या मातीचा कडक गड्डा. वरचा बुश ग्रीस पीत राहिला आणि खालचा कोरडा झिजला. ज्यांची गाडी कपाशीच्या किंवा केळीच्या वावरात जाते त्यांनी ग्रीस मारताना बुशच्या कडेतून जुनं ग्रीस बाहेर येतं का हे बघावं. येत नसेल तर ते आत पोचलेलं नाही.

किंगपिनचा किट आणला आहे. जुनी पिन प्रेसवर काढून नवे बुश लेथवाल्याकडे रीम करून घ्यायचे आहेत, उजव्या बाजूचेही. त्यानंतर टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते) बघायचं. टायर मात्र टो-इन झाल्यावरच बदलणार.