गवताची धावपट्टी वरून ओळखायची कशी?

उपग्रहचित्रांत खासगी धावपट्ट्या शोधायचा नाद आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सगळंच हिरवं, मग त्यात विमान उतरायची जागा कुठली हे कळतं कसं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

आधी पट्टीकडे बघूच नका, तिची टोकं आणि कडा बघा. सरळ, लांब आणि हिरवं काहीही असतं. जमिनीखालून गेलेली गॅसची पाइपलाइन, हाय-टेन्शन तारांखालचा मोकळा पट्टा, इंग्लंडात शर्यतीचे घोडे पळवायची वाट. पण पाइपलाइन बांध, रस्ता, ओढा ओलांडून पुढे जातच राहते. धावपट्टी दोन्हीकडे संपते. पोलोचं मैदान सुमारे 275 बाय 145 मीटर, म्हणजे फारच रुंद. शेतातली धावपट्टी बहुधा 400 ते 800 मीटर लांब आणि 15 ते 30 मीटर रुंद असते. गुगल अर्थमधला रूलर लावून मोजा. शंभर-दीडशे मीटरमध्ये आटोपली तर ती रिमोटच्या विमानांची.

मग शेड. सेसना 172 या छोट्या विमानाचे पंख 11 मीटर, त्यामुळे हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं, तोंड त्याहून मोठं लागतं. छपरावरून गोठा की हँगर हे ठरत नाही, वाटेवरून ठरतं. ट्रॅक्टरच्या शेडची वाट रस्त्याकडे जाते, हँगरची गवताकडे. माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण हीच.

पट्टीवरची झीजही बघा. चाकं अगदी टोकाला टेकत नाहीत, थोडी आत टेकतात. मातकट डाग तिथे पडतात. टोकाला विमान वळवल्याचा अर्धगोल दिसतो. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीचा खांब बहुतेक चित्रांत दिसत नाही, त्याची सावली दिसते. हाय-टेन्शन तारांचंही तेच: तार शोधू नका, खांबांच्या सावल्यांची रांग शोधा.

हात बसवायला पुण्यात सासवड रस्त्यावरचं हडपसरचं ग्लायडिंग सेंटर उत्तम. चहूबाजूंनी वस्ती, मध्ये हे मोकळं मैदान, चुकायला वावच नाही. फक्त ऋतू बघून चित्र निवडा. ऑगस्टमध्ये ढग तरी असतात, नाहीतर सगळं एकजात हिरवं. मे महिन्यात सगळंच करपलेलं. दिवाळीनंतर कापलेलं गवत फिकट आणि शेजारचं वाढलेलं गडद दिसतं, तेव्हा कडा उठून येतात. एका चित्रावर विसंबू नका, जुन्या तारखा मागे सरकवून निदान तीन बघा. एखाद्या वर्षी मधोमध नांगरट दिसली तर ते पीकच होतं, किंवा पट्टी मोडली तरी आहे.

धावपट्टीचा क्रमांक काढताना एक घोळ हमखास होतो. हा क्रमांक चुंबकीय, म्हणजे होकायंत्राच्या, दिशेवरून ठरतो (अंशांना दहाने भागून) आणि रूलर दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजतो. पुण्यात हा फरक जवळपास शून्य, म्हणून लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तो पूर्वेकडे 15 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे तेवढे वजा करायचे. तिथे रूलरवर 85 आले तर चुंबकीय दिशा 70, म्हणजे क्रमांक 07. सरळ 85 धरून 08 किंवा 09 लिहिलंत की चुकलात.

आणि सोडून दिलेल्या पट्ट्या. आकार वर्षानुवर्षं तसाच राहतो, त्यामुळे त्या चालू असल्यासारख्या वाटतात. हँगरपासूनची वाट बुजलेली असेल, किंवा पट्टीच्या मध्यावर चाऱ्याच्या गंज्या रचलेल्या दिसल्या, तर नकाशावर खुशाल 'बंद' लिहा.