आमची वाटचाल : कार्डाची आतली बाजू

बरेच जण म्हणत होते की तुमच्या कामाबद्दल एकदा लिहा ना सविस्तर, तर बसले आज लिहायला. कंपनी म्हणते मी, पण कंपनी म्हणजे मी, नवरा, मदतीला दोन मुली आणि जानेवारीपासून घरात जो कोणी रिकामा दिसेल तो. आम्ही हाताने छापलेली कार्डं करतो. वाढदिवसाची, लग्नाची, सगळीच करतो, पण खरं सांगायचं तर आमचं वर्ष १४ फेब्रुवारीला, म्हणजे व्हॅलेंटाइन डेला संपतं आणि १५ ला परत सुरू होतं.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात. नवरा प्रिंटिंग प्रेसमध्ये होता, मी एका ऑफिसात हिशोब बघायचे. लग्नाच्या आधी त्याने मला एक कार्ड दिलं होतं, स्वतः छापलेलं, दोन पक्षी, तीन रंग, एकावर एक इतके नीट बसलेले की मी बघतच राहिले. मग उघडलं तर आत काहीच नाही. कोरं. मी म्हटलं अरे आत काही लिहिलं नाहीस? तर म्हणाला, पुढे छापलंय की. हा माणूस असा आहे, पुढच्या बाजूचा. ते कार्ड अजून आहे माझ्याकडे, आणि धंद्याची आयडिया पण तिथूनच आली, म्हणजे त्याच्या हाताला काम आहे आणि माझ्याकडे बोलायला तोंड आहे तर दोघांनी मिळून काहीतरी करू असं.

पहिल्या वर्षी ५०० कार्डं छापली. सगळी लाल, सगळ्यांवर बदाम, आणि आत यमक जुळवलेल्या चार ओळी, त्या मीच लिहिलेल्या (आता वाचवत नाहीत, प्लीज मागू नका). वर अजून एक अक्कल पाजळली. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे आतले धागे एका दिशेने पसरलेले असतात आणि घडी त्याच दिशेने घालायची असते, आडवी घातली की जाड कागद घडीवर फुटतो. नवऱ्याने सांगितलं होतं हे. पण ताव उलटा कापला तर एका तावात जास्त कार्डं बसत होती आणि हिशोबवाली मी, मी म्हटलं काही होत नाही, काप. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद, वर लाल शाईचा जाड थर, घडी घातली आणि प्रत्येक कार्डाच्या कण्यावर पांढरी भेग. क्रीझिंग करून, म्हणजे घडीच्या जागी आधी खाच दाबून बघितलं तरी ती गेली नाही. नवरा एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं.

५०० पैकी १८० गेली. आणि १५ फेब्रुवारीला बदामाच्या कार्डाची किंमत काय असते हे ज्याने धंदा केलाय त्यालाच कळेल, फुकट दिलं तरी लोक नको म्हणतात.

पण त्याच वर्षी १३ तारखेला संध्याकाळी स्टॉलवर एक आजोबा आले होते. दहा-बारा कार्डं उघडून बघितली, परत ठेवली, आणि विचारलं की हे आतलं काढून मिळेल का? मी म्हटलं काढून म्हणजे? तर म्हणाले, "ही कविता मी दिली तर ती पहिलं विचारेल, कोणाकडून लिहून आणलीत?" मला आधी राग आला, माझ्या ओळी होत्या ना त्या. मग हसायला आलं. शेवटी कोरा कागद कापून आतून चिकटवून दिला त्यांना, तिथेच उभं राहून. त्यांनी लगेच पेन काढलं, आडोशाला जाऊन दोन मिनिटात काहीतरी लिहिलं आणि गेले. काय लिहिलं ते माहीत नाही. पण उरलेल्या ३२० कार्डांवर आम्ही पुढच्या महिन्यात आतून कोरे कागद चिकटवले, आणि बदामावर वेगळा रंग मारून ती वर्षभर हळूहळू खपवली.

दुसऱ्या वर्षीपासून सगळी कार्डं आतून कोरी. आणि इथे नवीनच घोळ, लोकांना कोरं कार्ड हवं असतं पण पेन हातात दिलं की हात चालत नाही. चांगली शिकलेली, दिवसभर मोबाइलवर टायपिंग करणारी माणसं, कार्डासमोर गप्प. मग मलाच विचारायचे, ताई काय लिहू? मी आधी वाक्यं सुचवायचे, ते बंद केलं, कारण मग ती परत माझीच यमकं झाली ना. मी प्रश्न विचारायला लागले. कोणासाठी आहे. त्यांनी तुमच्यासाठी गेल्या महिन्यात असं काय केलं जे तुम्ही बघितलं पण बोलून दाखवलं नाही. आणि मग ते जे सांगतात ना, बरेचदा खाली बघून, तेच म्हणायचं लिहा. आधी रफ कागदावर. एकच गोष्ट. "कायम", "जन्मोजन्मी", "आयुष्यभर" आलं की खोडायला लावते, पुढच्याची गॅरंटी देऊ नका, झालेलं लिहा.

एकाने लिहिलं होतं, "मला यायला उशीर होतो तेव्हा बाहेरचा दिवा चालू असतो. मला वाटायचं तू बंद करायला विसरतेस." बस, एवढंच कार्ड. त्या दिवशी मी स्टॉल पाच मिनिटं नवऱ्याकडे दिला आणि मागे जाऊन उभी राहिले.

आणि हळूहळू लक्षात आलं की निम्मे लोक तर नवरा-बायको, बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंड यातले नाहीतच. मुलगी आईसाठी नेते. आजारपणात रात्रभर दवाखान्यात बसलेल्या मित्रासाठी कोणी नेतो. एक बाई दरवर्षी येतात, नवरा वारलाय, त्या त्याच्यासाठीच कार्ड घेतात आणि लिहून घरी ठेवतात, त्यांना मी प्रश्न विचारत नाही. नंतर वाचताना कळलं की फिनलंडमध्ये या दिवसाला सरळ मैत्रीचा दिवस म्हणतात. आम्ही तेव्हापासून लाल बदाम कमी केले, पक्षी, दिवा, खिडकी, दोन कप अशी चित्रं आणली जी कोणालाही देता येतील आणि १५ तारखेलाही विकता येतील. (मोठेपणाने सांगतेय पण दुसरं कारण जास्त खरं आहे.)

आता तो नेहमीचा टोमणा. हे सगळं व्यापाऱ्यांनी काढलेलं खूळ आहे, तुम्ही दुकानदार आमच्या भावना विकता वगैरे. अर्धं खरं आहे, कबूल. जपानमध्ये १४ फेब्रुवारीला बायका पुरुषांना चॉकलेट देतात आणि पुरुषांनी परतफेड करायचा व्हाइट डे १४ मार्चला, तो तर १९७० च्या दशकाच्या शेवटी मिठाईवाल्या कंपन्यांनीच चालू केला. ब्राझीलमध्ये प्रेमाचा दिवस १२ जूनला असतो, तोही दुकानांच्या जाहिरातीतूनच रुजला. पण १४७७ चं एक पत्र आहे, इंग्लंडमधलं, ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलंय, मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीने जॉन पॅस्टनला लिहिलेलं, त्यात ती त्याला माझा व्हॅलेंटाइन म्हणते. इंग्रजीतलं सगळ्यात जुनं व्हॅलेंटाइन पत्र म्हणून ते दाखवतात. आणि आत विषय काय, तर हुंडा! वडील जास्त द्यायला तयार नाहीत, आईने खूप मनधरणी केली पण ऐकत नाहीत, तुझं खरं प्रेम असेल तर तू मला एवढ्यावरून सोडणार नाहीस. तेव्हा कार्ड नव्हतं, दुकान नव्हतं, जाहिरात नव्हती. त्याच वर्षी लग्न झालं त्यांचं. मी हे गिऱ्हाइकांना सांगते, म्हणजे बघा, घरातलं खरंखुरं टेन्शन लिहिलं तरी ते प्रेमपत्रच असतं.

कार्डांचा धंदा म्हणून जो काही वाढला तो पोस्टामुळे. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत कुठेही पत्र जायला लागलं आणि पैसे पाठवणाऱ्याने आधीच भरायचे झाले, त्याआधी बरेचदा घेणाऱ्याला भरावे लागायचे, विचार करा, तुमचं प्रेमपत्र सोडवून घ्यायला समोरच्याने खिशात हात घालायचा. लोक मग धडाधड कार्डं पाठवायला लागले, त्यात टिंगल करणारी, चिडवणारी निनावी कार्डं पण असायची, ट्रोलिंग काही आजचं नाही.

पण माझी खरी हिरोइन एस्थर हाउलंड. अमेरिकेत वूस्टर म्हणून गाव आहे, तिथे तिच्या वडिलांचं पुस्तकं-स्टेशनरीचं दुकान होतं. १८४७ मध्ये कॉलेज संपलं, त्याच सुमाराला तिच्या हातात इंग्लंडहून आलेलं एक लेस लावलेलं कार्ड पडलं, आणि तिला वाटलं हे तर मी करू शकते. थोडे नमुने केले, भाऊ विक्रीच्या दौऱ्यावर जायचा त्याच्या बॅगेत टाकले. तिला आशा होती २०० डॉलरच्या ऑर्डरची आणि भाऊ परत आला तो ५,००० च्या ऑर्डरी घेऊन, असं सांगतात. मग तिने मैत्रिणींना बोलावलं आणि घरातच कामाची रांग लावली, एक कापणार, एक चिकटवणार, एक लेस लावणार. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमचं टेबल डोळ्यासमोर आलं, सेम! कार्डाच्या मागे ती लाल रंगात एच अक्षर उमटवायची. १८७९ मध्ये न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी काढली, आणि दोनेक वर्षात वडिलांच्या आजारपणामुळे सगळा धंदा विकून त्यांची सेवा करायला घरी बसली. लग्न केलं नाही तिने कधी. तीसेक वर्षं दुसऱ्यांची प्रेमपत्रं सजवली आणि शेवटी जे केलं ते बापासाठी. यावर मला बरंच बोलायचं असतं पण नवरा म्हणतो गिऱ्हाईक खोळंबलंय.

आमच्या चुका पण सांगायला हव्यात, नुसतं कौतुक नको. चौथ्या वर्षी आम्ही घरपोच सुरू केलं आणि दोन पाकिटं अदलाबदल झाली. एक कार्ड बायकोसाठी होतं आणि एक मित्रासाठी. बायकोला मिळालं, "तू त्या दिवशी बाइक दिली नसतीस तर मी अडकलो असतो, कोणाला सांगितलं नाहीस त्याबद्दल थँक्स." आणि मित्राला मिळालं ते मी इथे लिहीत नाही. त्या बाईंचा फोन आला, कुठे अडकला होता हा, आणि काय सांगायचं नव्हतं? दोन्ही घरी मी स्वतः गेले, कार्डं बदलली, हात जोडले. मित्रवालं प्रकरण हसण्यावारी गेलं, पण ते जोडपं परत आमच्याकडे आलं नाही, आणि बरोबर आहे त्यांचं. तेव्हापासून प्रत्येक कार्डाच्या मागे पेन्सिलने बारीक नंबर असतो, पाकिटावर तोच, आणि दोघांनी वाचल्याशिवाय पाकीट बंद होत नाही.

आणि आमचा स्वतःचा १४ फेब्रुवारी? सुरुवातीला तर काहीच नसायचा. तीन रंगाचं कार्ड तीनदा हाताखालून जातं, प्रत्येक रंग वाळेपर्यंत पसरून ठेवायचं, पलंग, टेबल, फ्रिजवर सगळीकडे ओली कार्डं, त्या दिवसात घरात बसायला जागा नसते. एका वर्षी हट्टाने दोघं बाहेर जेवायला गेलो, मेणबत्ती वगैरे, आणि जेवण यायच्या आधी दोघांनाही झोप लागली. वेटरने उठवलं. आमची मुलगी म्हणाली, तुम्ही सगळ्या जगाला कार्डं देता, मला एक तरी दिलंय का? नव्हतं दिलं.

त्या वर्षीपासून आमच्याकडे एक प्रकार चालू झाला. १४ ला रात्री शेवटचं पार्सल गेलं की टेबल साफ करायचं आणि मिसप्रिंटचा गठ्ठा मधे ठेवायचा. रजिस्ट्रेशन हललेली, म्हणजे रंग एकमेकांवर नीट न बसलेली कार्डं असतात ती, लाल रंग दोन मिलिमीटर सरकला की पक्ष्याला दोन चोची दिसतात. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, मी, नवरा, मुलगी, सासूबाई आणि मदतीला येणाऱ्या त्या दोघी, आणि जिचं किंवा ज्याचं नाव येईल त्याला लिहायचं, नियम तेच, एकच गोष्ट आणि झालेली. सासूबाईंना एकदा त्या दोघींतल्या धाकटीचं नाव आलं. त्यांनी लिहिलं, "तू आलीस की चप्पल नीट लावतेस आणि माझी पण लावतेस." ती पोरगी ते कार्ड मोबाइलच्या कव्हरमध्ये घडी करून घेऊन फिरते. घडी ग्रेनच्या उलटी घातलीये, फुटलीये पार, मी बोलत नाही.

नवऱ्याला माझं नाव दोनदा आलं होतं आधी, दोन्ही वेळा कार्ड कोरं. विचारलं तर म्हणे मिसप्रिंट आहे, आत पण आणि बाहेर पण. मी गिऱ्हाइकांना सांगत फिरते काय लिहायचं आणि घरात ही गत, सोडूनच दिलं होतं मी.

यंदा चिठ्ठीत परत माझं नाव त्याला. दोन चोचींचा पक्षी दिला हातात आणि बेसिनकडे हात धुवायला निघून गेला. उघडलं तर पेन्सिलने, बारीक अक्षरात, पाकिटावर नंबर टाकतो तसं लिहिलेलं, "परवा रात्री टेबलावर डोकं ठेवून झोपलीस. उरलेली १२ पाकिटं मी चिकटवली. उठवलं नाही."

मी आत जाऊन म्हटलं, नऊ होती रे, मी मोजून ठेवली होती.

म्हणाला, "तीन चुकली. परत केली."