खालचा उजवा कोपरा अखेर जागेवर आला

काल रात्री साडेअकराला, घरच्या सिनेमाच्या पडद्यावर, प्रोजेक्टरच्या चाचणी-ग्रिडची शेवटची रेघ फ्रेमच्या मखमलीच्या कडेला टेकली. चारही कोपरे, एकाच वेळी, कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सॉफ्टवेअरने सरळ करायची सोय) शून्यावर ठेवून. दिवा न लावता मी दहा मिनिटं नुसती ती पांढरी चौकट बघत बसले होते.

या पडद्याबद्दलचं मागचं वाचलेल्यांना माहीत आहे, पडदा ११० इंची आहे, १६:९, आतून २४३.५ बाय १३७ सेंटीमीटर. प्रोजेक्टर छताला, लेन्सचा मध्य पडद्याच्या वरच्या कडेच्या रेषेत, अंतर ३६५ सेंटीमीटर, म्हणजे थ्रो (अंतर भागिले चित्राची रुंदी) बरोबर १.५. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की वरचे दोन आणि खालचा डावा कोपरा चोख जुळतो, पण खालचा उजवा उजवीकडून ५ मिलिमीटर आणि खालून थोडा जास्तच आखूड पडतो. प्रोजेक्टरमधलं चित्र बनवणारं पॅनेल १९२० बाय १०८० पिक्सेलचं असल्याने माझ्या पडद्यावर एक पिक्सेल १.२७ मिलिमीटरचा येतो. म्हणजे सगळं भांडण चार पिक्सेलचं.

'चित्र जरा मोठं कर, जास्तीचं मखमल गिळेल' हा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. १६:९ चित्रपटांना तो लागू पडतो, आणि महिनाभर मी तेच केलं. पण २.३९:१ चे जास्त रुंद चित्रपट लावले की मी वर-खाली मास्किंगच्या पट्ट्या बसवते. चित्राची उंची तेव्हा सुमारे १०२ सेंटीमीटर होते आणि वर-खाली साडेसतरा सेंटीमीटर झाकायचं असतं. खालच्या पट्टीची कड सरळ आणि चित्राची कड उजवीकडे वर चढलेली! डाव्या टोकाला दोन्ही मिळालेल्या, उजव्या टोकाला न उजळलेल्या पडद्याची करडी फट. अंधारं दृश्य सुरू असताना नजर तिथेच जाते. एकदा दिसलं की दिसायचं थांबत नाही.

चार कोपऱ्यांचं डिजिटल वॉर्पिंग, म्हणजे सॉफ्टवेअरने चित्र ओढून कोपरे जुळवणं, वापरायचं नाही हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. एकेका पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या रेघांचा पॅटर्न लावून वॉर्पिंग एका खुणेने हलवून बघा. रेघा विरघळतात आणि त्यांच्या जागी रुंद, धूसर पट्टे उमटतात, कारण प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यात मिसळून नव्याने बनवला जातो. लेन्स शिफ्ट काचा हलवते, चित्राला हात लावत नाही. चांगल्या लेन्सचा प्रोजेक्टर घ्यायचा आणि मग तिने दिलेली धार सॉफ्टवेअरने बोथट करायची, हे मला पटत नाही.

मग दोष कुठे? प्रोजेक्टर स्वतःभोवती गोल फिरला असता, तर चारही कडा सारख्या कोनात कलल्या असत्या. वर-खाली झुकला असता, तर खालचे दोन्ही कोपरे बिघडले असते. डावी-उजवीकडे वळला असता, तर उजवे दोन्ही. माझा एकच बिघडत होता, आणि मी स्क्रू फिरवून तो जागेवर आणला की दुसरा कुठला तरी सुटायचा. पाण्यावर तरंगणारं रिकामं भांडं एका बाजूने दाबलं की दुसरीकडून वर येतं, तसं.

पहिला संशय फ्रेमवर होता. कापडाच्या ताणाने लांब आडव्या पट्ट्या मध्यात आत ओढल्या जातात हे आपल्याकडे वारंवार बोललं गेलंय. मधला उभा आधार मी आधीच घातला होता. तरी दोरा लावून पाहिलं, खालची पट्टी मध्यात जेमतेम एक मिलिमीटर आत होती. मग कर्ण मोजले. दोन्ही २७९.४, एका मिलिमीटरच्या आत सारखे. याचा अर्थ गुण्यात आहे (चारही कोन काटकोनी), फ्रेम निर्दोष, असं मी धरून चालले. या धरून चालण्यात तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांतला एक रविवार मला फार लागला. उजव्या खालच्या बाजूच्या, कापड ताणणाऱ्या सात स्प्रिंगा सोडून, ताण कमी करून, पुन्हा लावल्या. कोपरा तसूभरही हलला नाही. उलट तिथे तिरका झोल आला, जो मी मागच्या महिन्यात एवढ्या कष्टाने घालवला होता. शेवटी सगळ्याच स्प्रिंगा काढून नव्याने सुरुवात केली. चारही बाजूंचे मध्य आधी, मग समोरासमोरच्या जोड्या घेत बाहेर बाहेर जायचं आणि कोपरे सर्वांत शेवटी. कॅनव्हास ताणणारे चित्रकारही असंच करतात आणि त्याला पर्याय नाही. कोपऱ्यापासून सुरुवात केली की सुरकुती तिथेच कैद होते. त्यात माझं कापड विक्रेत्याने गुंडाळून न पाठवता घडी घालून पाठवलं होतं. मधली घडी बसायला आठ दिवस लागले. पडद्याचं कापड मागवताना 'नळीवर गुंडाळून' हे लेखी घ्या, आणि घडी घालून आलं तर उघडण्याआधी परत करा. मी केलं नाही, पुढच्या वेळी नक्की करेन.

मग शनिवारी सुतारकामातली एक जुनी युक्ती आठवली. दाराची चौकट बसवण्याआधी दोन्ही कर्णांवर दोरे ताणून बघतात. दोरे मध्यात एकमेकांना जेमतेम शिवले तर चौकट सपाट. फट राहिली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबू लागला तर चौकटीत पीळ आहे. पीळ! कर्णाची लांबी फ्रेम गुण्यात आहे का ते सांगते, पिळाबद्दल ती काहीच बोलत नाही. हिशोब करून बघितला. एक कोपरा १५ मिलिमीटर पुढे आला, तर २७९४ मिलिमीटरच्या कर्णात पडणारा फरक सुमारे ०.०४ मिलिमीटर. टेपला तो दिसणार कसा?

चारही कोपऱ्यांवर एकाच मापाचे नट चिकटवले, त्यांवरून मासेमारीचा बारीक दोरा ताणला. मध्यात साडेसात मिलिमीटरची फट. दोऱ्याच्या जाडीने फसू नये म्हणून वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा पाहिलं. आता दोरे एकमेकांना दाबत होते, तेवढ्याच मापाने. म्हणजे कोणता तरी एक कोपरा याच्या दुप्पट, १५ मिलिमीटर पुढे. मग फ्रेम उतरवून सपाट फरशीवर ठेवली आणि तीच चाचणी केली. दोरे शिवले. फ्रेम सरळ होती, भिंत तिला पिळत होती.

भिंतीवर डाव्या आणि उजव्या कडेला दोन ओळंबे सोडले. डावीकडे वरपासून खालपर्यंत अंतर सारखं. उजवीकडे खाली गिलावा १५ मिलिमीटर पुढे आलेला, इतका सावकाश की डोळ्याला भिंत सपाटच वाटते. मी स्पिरिट लेव्हल वरच्या आडव्या पट्टीवर दहादा ठेवली होती, उभ्या पट्टीवर एकदाही नाही. क्रॉस लेझरही वापरला होता, पण त्याची रेघच तिथे तीन मिलिमीटर जाड पडते, आणि तो भिंतीच्या प्रतलातलं सांगतो, पुढे-मागेचं नाही. ओळंबा आणि दोरा ही जोडी मला आता सगळ्या उपकरणांपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

आता आकडे बघा, कारण खरा आनंद यात होता. लेन्समधून निघालेले किरण पसरत जातात. पडद्याचा एखादा भाग पुढे आला, तर किरण पुरता पसरण्याआधीच अडतो आणि चित्र आखूड पडतं. किती आखूड? कोपरा जितका पुढे, गुणिले किरणाचा तिरकेपणा. आडव्या दिशेत अर्धी रुंदी १२१.७५ भागिले ३६५, म्हणजे एक तृतीयांश. १५ मिलिमीटरचे झाले ५. उभ्या दिशेत लेन्स वरच्या कडेला, म्हणून खालच्या कडेपर्यंत पूर्ण १३७ भागिले ३६५, सुमारे ०.३७५. १५ चे झाले साडेपाचच्या वर. उजवीकडून ५, खालून थोडं जास्त! पाच आठवडे मी पट्टीने जे मोजत होते, तेच दोरा आणि भागाकारातून बाहेर आलं, भिंतीला हात लावण्याआधी. कागदावर ते दोन आकडे लिहिल्यावर मला खरोखर ओरडावंसं वाटलं.

यातून आणखी दोन गोष्टी उलगडल्या. भिंत हाच फुगवटा वरच्या उजव्या कोपऱ्यात घेऊन आली असती, तर उभ्या दिशेत काहीच दिसलं नसतं, कारण तिथे किरण जवळजवळ आडवा येतो. आणि फोकसने मला आधी सावध का केलं नाही, तर साडेतीन मीटरहून जास्त अंतरात १५ मिलिमीटरने धार हलत नाही. त्या कोपऱ्यातली अक्षरं कायम स्वच्छ होती, म्हणून 'पडदा पुढे-मागे असेल' ही शक्यता मी मनातून काढून टाकली होती.

बाकीच्या तीन ब्रॅकेटखाली १५ मिलिमीटरचे वॉशर रचले, फ्रेम टांगली, दोरे पुन्हा ताणले. शिवले. पडदा पुढे आल्याने चित्र रुंदीत १० मिलिमीटर लहान झालं होतं, ते झूमने भरून काढलं. प्रोजेक्टर अर्धा तास तापू दिला, कारण थंड असताना लावलेला फोकस नंतर सरकतो. मग ग्रिड. त्यानंतरची दहा मिनिटं वर लिहिलीच आहेत.

आधी ठरवलं होतं की पुढच्या रविवारी गिलावा खरवडायचा. धूळ, लेन्स आणि नवं कापड एकाच खोलीत, म्हणून तो बेत रद्द. त्याऐवजी वॉशरच्या जागी आटे असलेले चार बोल्ट लावून प्रत्येक कोपरा हवा तेवढा पुढे-मागे करता यावा, असं ठरवून सामानाची यादीही केली होती.

पण हे लिहिता लिहिताच वाटलं, चार कशाला? चार टेकू म्हटले की त्यांतला एक नेहमी फ्रेमला पिळू शकतो. तिपाई कुठल्याही जमिनीवर डगमगत नाही, कारण तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. फ्रेम वर दोन ठिकाणी आणि खाली मधोमध एकाच ठिकाणी धरली, तर भिंत कशीही असो, तिला पीळ देताच येणार नाही. मधला उभा आधार तिथे आहेच, खालचा बोल्ट त्याच्या पायाशी येईल. उठून मोजून आले. वरचे दोन्ही भिंतीपासून २० मिलिमीटर ठेवले, तर खालच्या मध्याला भिंत साधारण साडेसात पुढे आहे, म्हणून तिथे साडेबारा. उजव्या खालच्या कोपऱ्यामागे ५ मिलिमीटर मोकळे राहतात, फ्रेम भिंतीला शिवणार नाही. दोन्ही खालच्या कोपऱ्यांमागे तिथल्या फटीच्या जाडीचा फेल्टचा तुकडा, न दाबता, फक्त मोठ्या आवाजात थरथर होऊ नये म्हणून. तर चार बोल्टांचा बेतही गेला, तीन.

प्रोजेक्टर मीटरभर मागे न्यायचा विचारही आता सोडला. थ्रो २ झाला तर हाच १५ मिलिमीटरचा दोष आडवा ५ ऐवजी पावणेचार दिसला असता, एवढाच फायदा, आणि झूमच्या लांब टोकाला प्रकाश कमी झाला असता. ज्यांची भिंत खराब आहे आणि प्रोजेक्टरचे लुमेन (प्रकाश) भरपूर आहेत, त्यांनी मात्र लांबूनच टाकावं. अगदी जवळून टाकणाऱ्या प्रोजेक्टरला किरण इतके तिरके असतात की मिलिमीटरभराचा झोलही लाटेसारखा दिसतो. तिथे ताणलेलं मऊ कापड नको, कडक पृष्ठभागाचाच पडदा हवा.

प्रकाशाचं थोडक्यात. इको मोडमध्ये नऊ ठिकाणी लक्समीटर ठेवून सरासरी १६५ लक्स आले. गेन १.० (साध्या पांढऱ्या पृष्ठभागाइतकंच परावर्तन) धरून π ने (३.१४) भागलं की साडेबावन्न निट (पडद्याच्या उजळपणाचं एकक). डिजिटल सिनेमागृहाचा संदर्भ ४८ निटचा, म्हणजे दिवा थोडा म्हातारा व्हायला जागा आहे. म्हणून जास्त गेनच्या कापडाचा मोह मला उरलेला नाही. नुसता गेन छापणारे आणि तो कोणत्या कोनात निम्मा होतो हे न सांगणारे विक्रेते मी यादीतून काढूनच टाकलेत.

करड्या कापडाचा नमुनाही परत पाठवतेय. छताच्या पुढच्या दीड मीटरला काळी मखमल लावल्यापासून बुद्धिबळाच्या पॅटर्नमधले काळे चौकोन खरोखर काळे दिसतात. करडं कापड पांढऱ्यालाही तेवढंच खाली ओढतं. त्याचा खरा उपयोग खोलीतून परत येणारा प्रकाश कमी करण्यात, आणि ते काम मखमलीने मूळ जागीच केलंय. बाजूच्या भिंतींचा मीटरभर भाग राहिलाय, तो बोल्ट बसल्यावर.

तीन बोल्टांवर टांगल्यानंतर आठवडाभर मी मास्किंगला हात लावणार नाही. स्प्रिंगांचा ताण रात्रंदिवस आहे, खालचे कोपरे मोकळे आहेत, फ्रेम स्वतःहून थोडी वळते का ते बघायचंय. नट तसेच चिकटवलेले ठेवलेत. रोज रात्री चित्रपट संपला की दोरे ताणायचे आणि मधली फट वहीत लिहायची.